सगळ्यांनी एका गाडीत

माझं माहेर वारूळवाडी, दिल्याघरी महाळुंगे पडवळला. माहेरी थोरला दादा, मधी मी, धाकला बाळू. काय सांगू तुमाला, एका चुलीवर सगळं घर जेवायचं, द्राक्षाचा बाग, टमाटं, पैसाबी बरा यायला लागला, तसं आईचं एकच म्हननं, आता मोठी गाडी घ्या आन सगळ्या घरानं एकदम बसून निमगावच्या खंडोबाला जाऊ, पोरीलाबी वाटंत घेऊ.

तवा मोठ्या गाड्या नव्यानंच निघाल्या व्हत्या. दादाला पायजे मागं समोरासमोर बाकडी असलेली, म्हंजी मानसं एकमेकांची तोंडं बघत जातील. बाळू म्हनायचा, ते शिटा भरून नेनाऱ्या वडापच्या जीपीला शोभतं, आपन सगळ्या शिटांची तोंडं पुढं असलेली, एसीची घेऊ. दोघं पुन्याला शोरूमात जायचे, दारं आपटून बघायचे, आन तिथला मानूस म्हनायचा, थांबा राव, दसऱ्याला नवं मॉडेल येतंय. झालं, आले रिकामे घरी. दसऱ्याला यायचं ते काय, नुसते दिवे बदललेले, पुढची जाळी बदललेली, मंग दादा म्हनायचा जुनंच बरं व्हतं, बाळू म्हनायचा पुढचं अजून चांगलं येईल. वर्सं गेली ह्याच्यात. आई म्हनायची, अरं मीबी जुनं मॉडेल झाले. सगळे हसायचे, मला मातर लई वाईट वाटायचं.

मंग बोलाचाली झाली, कोन कोनाला काय बोललं ते न्हाई सांगत, पन चुली येगळ्या झाल्या आन एकाच दसऱ्याला दोघांनी दोन गाड्या आनल्या. आमच्यात नव्या गाडीला घरच्या बहिनीनं ओवाळायचं, मंगच गाडी देवाला न्यायची. दोघांचा निरोप, आधी माझी. असा राग आला मला! म्हनलं, दोन्ही आईच्या दारात लावा, मी मधी उभी ऱ्हाते, एकच ताट दोघींवरनं फिरवते. तसं केलं. आई उंबऱ्यावरनं उठंना. म्हनली, तुमी दोघं एकीत बसा, कंच्याबी गाडीत बसा, मंग मी येते. मी हातापाया पडले दोघांच्या, पन आपली गाडी सोडून दुसऱ्याच्यात कोनी बसंना.

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवंना. झाडावर बसलेत, खाली येईनात, ऊन चढलं, लोक ताटकळले. काय ऱ्हायलंय तिचं ते सगळ्या गावाला ठावं व्हतं. शेवटाला दादा रडतच पुढं झाला, बाळूचा हात धरला, दोघं म्हनले, आई, सगळी एका गाडीत निमगावला जाऊ. तसा कावळा शिवला.

त्याला झाली चार-पाच वर्सं. गाड्या दोघांनीबी बदलल्या, नवं मॉडेल आलं म्हनून. निमगावला एका गाडीत कोनी गेलं न्हाई. त्या कावळ्याला फसवलं हो, दुसरं काय म्हनू. मीच येष्टीनं जाऊन आले एकटी, देवाला म्हनलं, आईची तेवढी इच्छा माझ्यावर भागव. पाठचे-पुढचे भाऊ हायेत, सुखी ऱ्हावोत आपापल्या गाडीत.