कानावरचा गेर

(गंगाखेड, १९३९. अडत दुकानामागचं अंगण. उघड्या बॉनेटच्या मोटारीपाशी मालकीण चन्नबसम्मा, जुना ड्रायव्हर आश्रुबा आणि परभणीहून बोलावलेला मिस्त्री मुंजाजी.)

आश्रुबा : तेच सांगायलोय की अक्का, सायलेन्सर सडलाय. मिस्त्रीचं काम न्हाई हे. नवा हैद्राबादहून मागवावा लागंल. पंधरा दिस तर जातील.

चन्नबसम्मा : पंधरा दिस? उद्या राणीसावरगावहून सून अन् नातू आणायचाय मला. सव्वा म्हैन्याचं लेकरू. ह्या भडभडाटात त्यानं डोळे फिरवले म्हंजी?

आश्रुबा : काय होत न्हाई. कानात कापूस घालू त्याच्या.

चन्नबसम्मा : कापूस घालतो! अन् पोखर्णीच्या जत्रंत ह्याच आवाजानं बैल उधळले, बाईचा हात मोडला, तिला काय घालायचं? ठाण्याच्या अमीनसाहेबांनी बजावलंय, पुन्हा असा आवाज कानावर आला तर मोटार जप्त. मुंजाजी, तू बोल.

मुंजाजी : अक्का, सायलेन्सर मी ठोकून बगितला. सडलेला बिल्कुल न्हाई. उभ्या मोटारीत आवाज कमी, रेस दिली की वाढतो. अन् येतो पुढून, मागून न्हाई. मामा, जरा रेस द्या. मामा! रेस!

आश्रुबा : हां, हां. देतो की.

मुंजाजी : थोडी! थोडी म्हणलं मामा! बस... बस करा!

चन्नबसम्मा : शिवा शिवा. माडीवरची कबुतरं उडाली सगळी.

मुंजाजी : अक्का, मूठभर राख पायजे. एकदम मऊ. इंजनातला धूर बाहेर नेणारा नळ हाय ना, त्याच्या सांध्यावर टाकतो. धूर जिथून निसटत आसंल तिथली राख उडंल.

चन्नबसम्मा : चुलीतली देऊ?

मुंजाजी : खडे असत्यात तिच्यात. तुमच्या डबीतली इभूत मिळंल का?

चन्नबसम्मा : इभूत? इंजनाला? ...घे. कपाळाला लागती तशी इंजनाला लागंल. शिवाला काय दोन्ही सारखंच.

आश्रुबा : अक्का, देवाची चीज आसं काय करता? ऱ्हाऊ द्या.

मुंजाजी : मामा, तुमी फकस्त हळू रेस द्या. बगा अक्का, बगा! इथली उडाली. बाकी जशीच्या तशी. सायलेन्सर न्हाई, सांधा फुटलाय. चार नट हायेत अन् त्यातले दोन... थांबा.

चन्नबसम्मा : काय झालं?

मुंजाजी : हलून हलून ढिले झालेले न्हाईत हे. पान्याचे वळ हायेत. कुणीतरी मुद्दाम ढिले केलेत.

चन्नबसम्मा : आश्रुबा. इकडं बग. मोटारीला तुझ्याबिगर कोण हात लावतं?

आश्रुबा : ...कोणी न्हाई.

चन्नबसम्मा : मग?

आश्रुबा : मीच केले अक्का.

चन्नबसम्मा : चौदा वर्षं मीठ खाल्लंस ह्या घरचं, अन् माझ्याच मोटारीत बिघाड केलास? का पण?

आश्रुबा : मोटार गप चालली की मला ऐकूच येत न्हाई.

मुंजाजी : मामा...

आश्रुबा : तुला शिकवलं व्हतं ना रे, गेर हातानं न्हाई, कानानं बदलायचा. चढाला इंजन दम टाकायलं की खालचा गेर. आता दम टाकल्यालं कळतच न्हाई. मागल्या म्हैन्यात राणीसावरगावच्या चढाला गेर चुकला, मोटार मागं घसरली. तुमी मागं डोळे मिटून जप करीत व्हता अक्का. दगडाला चाक अडलं म्हणून वाचलो. दुसऱ्या दिशी नट ढिले केले. तवापासून थोडं थोडं येतंय कानावर.

चन्नबसम्मा : कवापासून हे?

आश्रुबा : दिवाळीपासून.

चन्नबसम्मा : दिवाळीला तर तुला हिवताप व्हता.

आश्रुबा : हां.

चन्नबसम्मा : तापाच्या कोयनेलच्या गोळ्या मीच दिल्या. डॉक्टर दोन गोळ्या म्हणला, मी चार दिल्या. लौकर उठशील म्हणून. कानात शिटी वाजती म्हणलास, तर मी म्हणले, अशक्तपणा हाय.

आश्रुबा : ताप तर गेला की. जगलो त्याच्यानंच. म्हणून तर बोललो न्हाई तुमाला.

चन्नबसम्मा : शिवा, काय केलं रे मी हे.

आश्रुबा : अक्का, हात जोडतो. उद्याचा एक दिस ढिले ऱ्हाऊ द्या. तुमच्या पोराची वरात मी आणली, सून मी आणली. नातू बी मीच आणतो. मग तुमी म्हणाल तसं.

चन्नबसम्मा : लेकरू आसंल मोटारीत, आश्रुबा.

आश्रुबा : ...हां. लेकरू आसंल.

मुंजाजी : अक्का, आवळू?

चन्नबसम्मा : आवळ.

मुंजाजी : झालं. चालू करा मामा. हां... बगा अक्का, आता कुजबुजलं तरी ऐकू यील.

आश्रुबा : चालू झाली का रे?

मुंजाजी : चालू हाय मामा. बॉनेटवर हात ठिवा.

आश्रुबा : हां. हाताला कळतंय. चांगली चालायली. बंद करतो. काच पुसून घेतो जरा, इभूत उडाली सगळीकडं.

चन्नबसम्मा : मुंजाजी, आज मुक्काम कर. उद्या मोटार तू काढ.

मुंजाजी : काढतो. पण चावी मामांच्या खिशात हाय.

चन्नबसम्मा : आश्रुबा, चावी दे.

मुंजाजी : ऐकलं न्हाई त्यांनी. पाठ हाय इकडं. खांद्याला हात लावून सांगू का?

चन्नबसम्मा : नको. पुसू दे त्याला काच. आजच्या दिवस त्याच्याच खिशात ऱ्हाऊ दे. सकाळी मी मागंन, समोर जाऊन.