दोन इंचांचा बूट

मंडळी, ऐका! आज आधी प्रश्न, मग आख्यान. उत्तर मनातल्या मनात द्या. मोठ्याने नको, कुणाची बायको शेजारी बसली असेल!

दुकानात तुम्ही एक वस्तू ठरवली. दुकानदाराने मान डोलावून कबूल केली. आणि हातात पडली भलतीच! तुम्ही गप्प घरी आलात, म्हणालात, "जाऊ दे, माफ केलं." आता सांगा, ती क्षमा झाली, की भीती?

काही माना हलल्या. काही हलल्या नाहीत. त्या खांबापाशी बसलेल्या मावशी गालात हसतायत, नक्की साडीचा रंग निघून गेलाय! हसा, हसा. पण आता जरा सावरून बसा. मी सांगतोय ती एका पोरीची गोष्ट आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आमच्या शेजारच्या गावात अंकुश ताटे म्हणून गृहस्थ राहतात. ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी सोडायचं काम. साधा माणूस! माझं एकही कीर्तन चुकवत नाहीत. त्यांची मुलगी कुंदा. जन्मापासून डावा पाय उजव्यापेक्षा दोन इंच आखूड. शाळेत चालायची तर चवड्यावर, टाच अधांतरी. पण डोकं तल्लख! बारावीला चांगले मार्क मिळाले, अर्ज केला आणि पोस्टात डाकसेविका म्हणून तिची निवड झाली.

आता डाकसेविका म्हणजे काय? पाच वाड्या पायी फिरायचं! कुणाची पेन्शन, कुणाचं आधार कार्ड, कुणाच्या लेकीचं पत्र. डॉक्टरांनी तपासलं, कागदावर लिहून दिलं — डाव्या बुटाचा तळ दोन इंच उंच हवा, आणि हलका हवा. नाहीतर कंबर जाईल.

बापलेक शहरात गेले. तिथे धनाजी ढेकणे यांचं असे खास बूट करून देणारं दुकान. ढेकण्यांनी माप घेतलं, पावतीवर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'डावा, दोन इंच, आत हलकं बूच, वर कातडं.' बूच म्हणजे आपलं बाटलीला लावतात ना, तसलं हलकं लाकूड. पैसे आगाऊ घेतले. म्हणाले, "पोरी, हरणासारखी पळशील!"

बूट आणायला गेले तो दिवस कामावर हजर व्हायच्या आदला. कुंदाने बूट उचलला आणि तिथेच तिचा चेहरा उतरला. "काका, हा जड आहे. आणि उंचीपण कमी वाटते."

"छे! नवा आहे म्हणून तसं वाटतंय. बुचापेक्षा हे रबर भारी, जास्त टिकतं. उलट तुमचा फायदाच केलाय मी!"

"पण ठरलं होतं दोन इंच..."

"अर्ध्या इंचाने काय होतंय? पाय सवय करून घेईल."

ऐकलंत? बूट पायासाठी, की पाय बुटासाठी? दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. घेतला बिचारीने.

पंधरा दिवस ती चालली. टेकाडावरच्या वाडीला जाताना तो बूट दगडासारखा ओढायची. सोळाव्या दिवशी उतारावर पाय मुरगळला. पडली. टपालाची पिशवी मात्र छातीशी धरलेली! घरी आणली तर कंबर सरळ होईना. आईने तेल चोळलं. कुंदा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझ्याच पायात खोट आहे, आई. मी ही नोकरी सोडते."

सांगा, खोट कुणात होती, आणि लाज कुणाला वाटत होती!

अंकुशराव बूट घेऊन पुन्हा दुकानात गेले. ढेकण्यांनी पावतीवरची खालची छापील ओळ बोटाने दाखवली — 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' म्हणाले, "वाचता येतं ना?" चार गिऱ्हाइकांसमोर! अंकुशराव मान खाली घालून बाहेर आले. आणि तिथून थेट गेले कुणाकडे? एका कीर्तनकाराकडे. देवाधर्माचं जाणणारा माणूस, म्हणून. "बुवा, काय करू?" बुवांनी तपकीर ओढली, डोळे मिटले आणि सांगितलं, "सोडून द्या अंकुशराव. देव सगळं बघतोय. मन मोठं करा."

मंडळी, तो बुवा कोण, विचारा ना! तो हा — तुमच्यासमोर फेटा बांधून उभा आहे.

घरी जाऊन अंकुशरावांनी मुलीला माझा निरोप सांगितला. ती उठून बसली. म्हणाली, "अण्णा, देव बघतोय, खरंय. पण ढेकणे काका देवाकडं बघतायत का? उद्या माझ्यासारखीच दुसरी पोरगी त्यांच्या दुकानात जाईल. तिलाही ते असंच रबर देतील. बुवांना विचारा, तिनंपण मन मोठं करायचं का?"

दुसऱ्या दिवशी ते वाक्य माझ्यापर्यंत आलं. काय सांगू! संध्याकाळी कीर्तनाला उभा राहिलो, आणि हातातली चिपळी वाजेना.

मग पोरीने काय केलं? नोकरी सोडली नाही, रडली नाही, दुकानासमोर जाऊन आरडाओरडा केला नाही. पावती शोधली. डॉक्टरांचा कागद घेतला. बुटाशेजारी पट्टी धरून फोटो काढला — दीड इंच, स्पष्ट! ढेकण्यांना पत्र लिहिलं, 'ठरल्याप्रमाणे बूट करून द्या.' रजिस्टर केलं, आपल्याच पोस्टातून, आपल्याच हाताने शिक्का मारून! महिना गेला, उत्तर नाही. तेव्हा जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील दिला नाही. तिथे आपलं म्हणणं आपल्याला स्वतः मांडता येतं, मंडळी! मला हे माहीत नव्हतं. साठी उलटली, पुराणं पाठ केली, आणि हे माहीत नव्हतं!

सुनावणीला मीही गेलो. मागच्या बाकावर बसलो, चोरासारखा. ढेकण्यांचे वकील उभे राहिले. "मुलीने बूट घालून पाहिला, मगच नेला. आता तक्रार कसली? शिवाय पावतीवर छापलेलं आहे, माल परत नाही."

कुंदा टेबलाला धरून उभी राहिली. "साहेब, दुकानात मी चार पावलं टाकली. चार पावलांत पाच वाड्या कळतात का? जड आहे, हे मी तिथंच बोलले होते. मला चांगलं-वाईट काही म्हणायचं नाही. ह्यांच्या हातानं जे लिहिलंय, तेच मला पाहिजे होतं. दुसरं द्यायचं होतं तर आधी विचारायचं. मी नाही म्हटलं असतं."

अध्यक्षांनी पट्टी मागवली, स्वतः बूट मोजला. मग ढेकण्यांकडे वळून विचारलं, "हे अक्षर तुमचंच ना?"

"हो, साहेब," ढेकणे म्हणाले.

काही आठवड्यांनी निकाल आला. एका महिन्यात ठरला होता तसाच बूट करून द्यायचा, जादा काही न घेता. मुलीला झालेल्या त्रासाची भरपाई द्यायची. आणि पावतीवरची ती ओळ काढायची. चुकीचा माल देऊन वर परत घेणार नाही म्हणणं, हे कायद्यात बसत नाही!

वकील म्हणाले, अपील करू. पण ढेकण्यांच्या दुकानात सिदबा नावाचा म्हातारा कारागीर होता. तो म्हणाला, "शेठ, बूच संपलं तेव्हाच मी बोललो होतो, आठ दिवस थांबा. तुम्ही म्हणालात, रबर घाल, कोण बघतंय. त्या पोरीचा बूट मी केला, मला झोप नाही." ढेकण्यांनी अपील केलं नाही. आणि चार दिवसांनी सिदबाला घेऊन स्वतः अंकुशरावांच्या दारात आले. नव्याने माप घ्यायला!

सिदबा खाली बसून माप घेत होता, ढेकणे उभेच. म्हणाले, "पोरी, माझं चुकलं. वाटलं, खेड्यातली मुलगी, तिला काय कळतंय."

कुंदाने त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाली, "काका, बसा. बोललात ना, आता माझ्या मनात काही नाही. चहा घेणार?"

ही क्षमा, मंडळी! गप्प राहून घडली नाही ती. आधी पोरीने खरं मांडलं, समोरच्याने ते कबूल केलं, आणि मग मन मोठं झालं. गेल्या आठवड्यात टेकाडावरच्या वाडीत मला ती दिसली. बूट पायात, पिशवी खांद्यावर. "बुवा, रस्ता सोडा, उशीर होतोय!"

आता तुमच्याकडे वळतो. इथे दुकानदार बसलेत, गवंडी बसलेत, दूधवाले बसलेत. घरी गेल्यावर आठवा, काय कबूल केलं होतं आणि काय दिलंत. आणि ज्यांनी घेतलं, त्यांनीही आठवा, कुठे गप्प राहिलात आणि त्या भीतीला काय नाव दिलंत.

पण पहिली पाळी माझी! अंकुशराव माझ्या दारी आले होते ते धीर मागायला. मी त्यांना दुसरंच काहीतरी बांधून दिलं, आणि वर म्हणालो, हेच चांगलं आहे.

अंकुशराव, तुम्ही त्या तिथे बसलाय, मला दिसताय. भर सभेत सांगतो, माझं चुकलं.

मंडळी, हात जोडा. प्रत्येकाने आपापलं आठवा, आणि मग देवाचं नाव घ्या.