प्लास्टिकच्या काठीला तेलाचा हात

...नाही नाही, आधी हुंगा! हा उजवा हात. लांबून काय हुंगताय, लांबून तर शेजाऱ्यांनाही येतो! नाक जवळ आणा... आला? जळकं रबर, नेलपॉलिश आणि डब्यात विसरलेलं ओलं फडकं, तिन्ही एकत्र वाटल्यासारखं? हां! आणि धुतलाय बरं का, तुमच्यासमोर यायचं म्हणून मुद्दाम, भांड्यांच्या घासणीनं खरवडून! काही उपयोग? शी!

तुम्हाला सांगतो, आम्ही बादल्या करत होतो तोवर माणसात होतो. साधं प्लास्टिक, वितळवलं, साच्यात गेलं, निघाली बादली! वास यायचा, पण घरी पोचेपर्यंत उडायचा. मग मालकांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की बादलीत आता काही राम राहिला नाही, गोल्फच्या काठ्या करा! प्लास्टिकच्या! म्हणजे नुसतं प्लास्टिक म्हटलं की मालक उखडतात, "कंपोझिट म्हण रे, कंपोझिट! आणि काठी नाही, क्लब!" अहो मालक, तुम्ही जन्मात गोल्फ बघितलाय? मी नाही बघितला. कारखान्यात कुणीच नाही बघितला! आमच्या साचेवाल्यानं मालकांनी आणलेलं काठीचं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "यात पाणी कुठून भरायचं?"

बरं, कंपोझिट म्हणजे काय? काळ्या धाग्यांचं कापड घ्यायचं, त्याला रेझिन चोपडायचं. रेझिन कसं दिसतं सांगू? सर्दी झालेल्या पोराचं नाक पुसलंय कधी? तेच, पण पिंपभर! थरावर थर द्यायचे, साच्यात दाबायचे, भट्टीत भाजायचे, आणि बाहेर आलं की कडा घासायच्या. घासणार कोण? फिनिशिंगवाला. फिनिशिंगवाला कोण? ...बघताय काय, मीच! ती काळी भुकटी कॉलरमधून आत शिरते आणि अशी खाज सुटते म्हणता, की भल्या माणसानं दाराच्या चौकटीला पाठ घासत उभं राहावं! शिंकलो की रुमाल काळा. आणि हात... हुंगा, परत एकदा हुंगा!

बायकोचं एक वेळ सोडा. ती दारातच ओरडते, "अहो, कशालाही हात लावू नका, आधी मोरीत जा!" ऐकून घेतो. पण पोरगी हो! पहिलीत आहे. तिला शाळेत सोडायला मी जातो. आधी माझं बोट धरून उड्या मारत चालायची, शाळा येईपर्यंत तोंडाचा पट्टा चालू! आता रस्ता ओलांडताना म्हणते, "बाबा, बोट नको, वास येतो." आणि माझ्या शर्टाची बाही धरते. चिमटीत! मेलेलं झुरळ उचलावं तशी! स्वतःच्या बापाची बाही!... फार लागलं हो मला ते.

तडक मालकांकडे गेलो. म्हटलं, मला फिनिशिंगमधून काढा, स्टोअरमध्ये टाका. तिथं कोरे खोके, खिडकी, पंखा... हाताला वास लागला तर पुठ्ठ्याचा! मालक म्हणाले, "ही गोल्फची ऑर्डर मिळाली की तू स्टोअरमध्ये. माझा शब्द!" मग काय, मी इरेला पेटलो. नमुन्याच्या काठ्या अशा घासल्या, अशा घासल्या, की आरसा बाजूला ठेवून भांग पाडावा! आणि शेवटी, सवयीनं, तेलाचा हात फिरवला. म्हणजे बघा, आमच्याकडे बादली दुकानात जायच्या आधी सिलिकॉनच्या तेलाचं फडकं तिच्यावरून फिरवतात, चकाकी येते. बादलीवर फिरवतो तसं काठीवर फिरवलं. वरपासून खालपर्यंत... मुठीसकट.

हो. मुठीसकट! आता हसताय! बादलीला कोण दोन्ही हातांनी गरागरा फिरवतं हो? मला काय माहीत?

गेलो मैदानावर. हिरवंगार, मधे तळं, आणि तिथले मॅनेजर, टोपीवाले. तिथं खेळायला येणाऱ्यांना काठ्या हेच पुरवतात. मालक हात चोळत म्हणाले, "साहेब, आपण स्वतः एकदा फिरवून बघा!" टोपीवाल्यांनी पाय फाकवले, कंबर हलवली, पुन्हा हलवली, काठी खांद्यामागं नेली आणि... सुर्रर्रर्र! चेंडू जागच्या जागी. काठी गेली! टोपीवाले नुसत्याच मुठी आवळून उभे, काठी आभाळात गरगरतेय, आणि डुबुक! तळ्यात! मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की मला वाटलं आता मलाच भट्टीत घालतात. गेलं माझं स्टोअर, गेली खिडकी, गेलं पोरीचं बोट!

आणि काठी वर आली हो! तरंगायला लागली, बदकासारखी! तरंगेल नाहीतर काय करेल? मालकांनी माल वाचवायला आतून सगळी पोकळ ठेवलेली. बादलीवाल्यांची काठी ती! टोपीवाले तळ्याकडे बघतायत, बघतायत, मग काठी बाहेर काढून हातात घेतली आणि एकदम नाचायलाच लागले. "अहो, आमच्याकडे येतो तो प्रत्येक जण फटका चुकला की रागानं काठी तळ्यात भिरकावतो! सगळं तळं काठ्यांनी भरलंय! आणि ही परत येते! शिवाय बघा, हिच्या अंगावर पाण्याचा थेंब राहिला नाही, हे काय लावलंय?" मालकांनी मला पुढं ढकललं. "साहेब, ही आमची खास पद्धत!" आता खास झाली!

ऑर्डर मिळाली. दुसऱ्या दिवशी मी परीटघडीचा शर्ट घालून थेट स्टोअरच्या दारात. मागून मालक, "अरे, तिकडं कुठं? फिनिशिंग इकडं!" म्हटलं, मालक, शब्द दिला होता. "दिला होता रे, पण साहेबांची अट आहे, नमुन्यात तसूभर फरक नको. मूठ सोडून सगळीकडे तोच तेलाचा हात! ज्या हातानं ऑर्डर आणली, तो हात मी खोके उचलायला लावू? असा कृतघ्न वाटलो तुला?" आणि मालकांना असा गहिवर आला की त्यांनी माझा हा हात, हाच, आपल्या दोन्ही हातांत घेतला... मग हळूच सोडला. आणि बोलत बोलत हात मागं नेऊन पँटला पुसले. मी बघितलं ना! शी! ज्याच्यासाठी घाण करून घेतली, त्यालाही घाण!

पोरीला अजून सांगितलेलं नाही. काल विचारत होती, "बाबा, तुमचा वास कधी जाणार?" म्हटलं, जाईल गं, बघू.

आता इथून शिंप्याकडे जातोय. त्याला सांगणार आहे, यापुढं माझे शर्ट शिवशील तेव्हा बाह्या जरा लांब ठेवत जा. पोरीला धरायला बऱ्या पडतात.