बिनहाताची खुर्ची

(सकाळची वेळ. इमारतीच्या गच्चीवर नणंद आणि भावजय.)

भावजय : राहू द्या ना, वन्सं. खुर्ची नेईन मी नंतर खाली. एवढे जिने कशाला चढलात?

नणंद : माझा भाऊ रोज चढत होता, मी एक दिवस चढले तर काय झालं? महिना झाला त्याला जाऊन, खुर्ची बिचारी इथेच. हातवाल्या खुर्चीत मावायचा नाही म्हणून चार दुकानं हिंडून उन्हात बसायला ही बिनहाताची आणली होती मी... अगं, हिचं दुकानातलं प्लास्टिक तसंच आहे.

भावजय : धूळ बसू नये म्हणून...

नणंद : एवढ्या वजनाचा माणूस सात महिने बसला, आणि प्लास्टिकला सुरकुती नाही? बोल, बाई.

भावजय : बसलेच नाहीत हे. पहिल्या दिवशी आले वर, तर समोरच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "काका, सांभाळून! गच्ची खाली येईल!" हेही हसले त्यांच्याबरोबर. खाली उतरले ते पुन्हा काही वर आले नाहीत.

नणंद : आणि फोन? रोज आठला करायचे मी. "ताई, मस्त ऊन आहे, पाठ भाजतेय," म्हणायचा. मागे गच्चीवर धुणं आपटल्याचा आवाज यायचा.

भावजय : मी आपटायचे. न्हाणीघराच्या दारात. कोरडंच.

नणंद : कोरडं धुणं!

भावजय : ह्यांना हसू आवरायचं नाही. तोंडात टॉवेल कोंबायचे.

नणंद : लहानपणापासून तसलाच... कोल्ड स्टोरेजच्या नोकरीत वीस वर्षं स्वेटर घालून काढली त्यानं. ऊन कसलं ते अंगाला ठाऊक नाही. व्हिटॅमिन डी नऊवर आलं, तेव्हा वाटलं, एवढं वाढलं की हृदयही सुधारेल.

भावजय : डॉक्टर तसं नव्हते म्हणाले. वजन जास्त असलं की रक्तात ते कमीच सापडतं, गोळ्या घ्या, म्हणाले. पण त्यानं हृदय बरं होईल असं धरून चालू नका. हृदयाची तपासणी वेगळी लिहून दिली होती. ती हेच पुढे ढकलत राहिले. "ताई म्हणते, आधी आकडा वाढू दे."

नणंद : म्हणाले होते मी. नेमच धरला होता. आकडा तीसवर जाईपर्यंत अळणी जेवायचं. कुणाला बोलले नव्हते. बोललं की नेम फळत नाही.

भावजय : मला कळलं होतं. तुमच्याकडे जेवलो ना आम्ही, तेव्हा चुकून तुमच्या ताटातली भाजी चाखली मी. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. सकाळी उठून म्हणाले, "आज धुणं आपटू नकोस."

नणंद : म्हणजे त्या दिवशी...

भावजय : चौथ्या मजल्याच्या वळणावर सापडले. फोन हातातच होता. मी जिभेला आवर घातला असता तर, वन्सं... बोला हो मला काहीतरी. अशा बघत नका राहू.

नणंद : तुला काय बोलू? धापा टाकत होता गं फोनवर. म्हणाला, "ताई, येतोय वर. आजपासून मीठ घाल." तर मी काय म्हणावं? "थांबू नकोस. थोड्याच पायऱ्या राहिल्या असतील."

भावजय : तुम्हाला काय ठाऊक...

नणंद : हातात माळ होती. त्याच्या धापेधापेला एकेक मणी ओढत होते. आवाज थांबला, तेव्हा वाटलं, पोचला. माळ डोळ्यांना लावली मी.

भावजय : चला खाली. कालपासून पोटात काही नाही तुमच्या. जेवायला वाढते. आज तरी मीठ घालू ना?

नणंद : आकडा कुठे आलाय अजून... तू हो पुढे. मी हे प्लास्टिक काढते.