आत्या की मावशी

...नाही, मी म्हणतो, साधं सरळ नाव द्यायला काय धाड भरली होती त्याला? तुम्हाला सांगतो, आमच्या कामात गिट म्हणून एक प्रकार असतो, कोडमधला प्रत्येक बदल सांभाळणारा, आणि त्याच्या कमांड लांबलचक, म्हणून ज्याला कंटाळा येईल त्याने आपल्या मनाने त्यांना छोटी नावं द्यावीत अशी सोय आहे... सोय कसली, माझ्या आधी त्या खुर्चीत बसणाऱ्या महाशयांनी नावं म्हणून अख्खं खानदान आत बसवलं आणि नोकरी सोडून गेले! मशीन आलं माझ्याकडे, नातेवाईकांसकट.

परवा क्लायंटला दाखवायचं काम अर्ध्यावर, आणि मॅनेजर डोक्याशी उभा. "ते राहू दे, आधी लॉगिन बंद पडलंय ते बघ." आता हातातलं काम ठेवू कुठे? शेजारची टेस्टर म्हणते, "आधीचा ना, असं काही आलं की आत्या टाकायचा. की मावशी? आत्याच बहुतेक." मी टाकली आत्या, एंटर दाबलं, आणि आठवडाभर राबून लिहिलेलं सगळं गायब. क्लायंटसमोर काय, हात हलवत बसू?

त्या आधीच्यालाच फोन लावला. तो निवांत. "हां हां, त्या दोघी. एक काम बाजूला ठेवते, एक कायमचं पुसते."

"पुसते कुठली?"

"ते... आता नाही रे आठवत."

आठवत नाही म्हणे! इथे माझी नोकरी चाललीय! साधं सरळ नाव द्यायला काय धाड भरली होती?

"अरे, गिटलाच विचार ना, कुठल्या नावामागे काय आहे ते." आणि एकेक अक्षर सांगत भलीमोठी कमांड लिहून घेतली माझ्याकडून. स्क्रीनवर सगळं गोत हजर. काका, व्याही, मामेसासरे... मी श्वास रोखून खाली खाली... आत्या, बाजूला ठेवा. मावशी, सगळं साफ करा.

हुश्श! काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं हो. पण मावशी पुसते? मावशी?

तो म्हणतो, "माझी मावशी फार टापटिपीची. आली की आमची कपाटं रिकामी. आत्या चिंधीसुद्धा टाकत नाही."

आता हे मला कुठून कळावं? साधं सरळ नाव द्यायला... जाऊ दे. काम परत मिळालं, क्लायंट खूश, नोकरी शाबूत. आता रोज घरी निघताना सगळं आत्याच्या हवाली करतो आणि शांत झोपतो. माझ्या सख्ख्या आत्याकडे जाऊन किती वर्षं झाली, ते तेवढं विचारू नका.