हलव्याचं मंगळसूत्र

हलव्याचे दागिने मला कुणी शिकवले न्हाईत बरं का. दोन हिवाळे साखर करपवून माझी मीच शिकले. लेकीच्या पहिल्या संक्रांतीला सगळे दागिने स्वतः ओवून अंबडला तिच्या सासरी नेल्ते. काळी साडी नेसून, दागिने घालून पोरगी सासूच्या पाया पडायला वाकली अन् मंगळसूत्राचा दोरा तुटला. हलव्याचे दाणे घरभर!

विहीणबाई ओरडल्या, "अगं बाई! पहिल्याच सणाला मंगळसूत्र तुटलं!"

जमलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. लेक रडकुंडीला आली. आता जन्मभर तिला हेच ऐकवणार. पण माझं तोंड कुठं गप बसतंय? म्हणलं, "विहीणबाई, तुटलं म्हणू नये. वाढलं म्हणावं."

कुणीच हसेना. तेवढ्यात जावयानं पुढ्यातले दाणे वेचून तोंडात टाकले अन् माझ्यापुढं हात पसरला.

"वाढलंय ना मामी? मंग अजून थोडं वाढा की!"

विहीणबाईच आधी फिसकन हसल्या, तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला. म्हणल्या, "ह्याला पोटभर वाढा बाई, न्हाईतर सुनेच्या बांगड्याबी खाईल!"