हार घातलेल्या फोटोशेजारचं हसू

मंडळी, बसून घ्या. मागच्यांना खुर्च्या मिळाल्या नसतील तर पुढं सतरंजीवर या, इथं भरपूर जागा आहे.

मला बोलायला सांगितलंय आणि मला भीती वाटतेय. माइकची नाही हो, माइकसमोर सगळा जन्म गेला. ही भीती वेगळी आहे. शेजारी दत्ताभाऊंचा फोटो, फोटोला हार, समोर तुम्ही सगळे गप्प बसलेले. आणि हे सगळं मी महिन्याभरापूर्वी एकदा केलंय. असाच फोटो होता, असाच हार होता, मी असाच पदर मुठीत धरून बोलत होते. माझं बोलणं झालं आणि दत्ताभाऊ दारातून आत आले. कारण ते शूटिंग होतं. आज नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मी सुमन. ‘पाणी आलं का?’ या मालिकेत चेअरमन अण्णांची बायको शालन, ती मी. आणि अण्णा म्हणजे आपले दत्ताभाऊ. इतकी वर्षं पडद्यावर त्यांच्याशी भांडले आणि दर भाऊबीजेला घरी जाऊन त्यांना ओवाळलं. त्यांच्या पत्नी, मंगलवहिनी, इथं पुढं बसल्यात. शेजारी मुलगा प्रशांत. मघाशी बाहेर कुणीतरी विचारत होतं, अण्णांचा फोटो कुठाय, हे कोण? या फोटोत मालिकेतली अण्णांची टोपी नाही, म्हणून ओळख पटली नाही. वहिनींनी मुद्दाम हा फोटो निवडलाय. आज अण्णांसाठी जमलेलो नाही आपण. दत्ताभाऊंसाठी जमलोय.

दत्ताभाऊ मूळचे चिखलीचे. चाकणला कंपनीत नोकरी आणि कामगार नाट्यस्पर्धेत नाटकं. तिथं परागनं, आमच्या दिग्दर्शकानं, त्यांना हेरलं. तेव्हा सेट म्हणजे चिखलीतली एका बंद वर्कशॉपची शेड होती. वर पत्रा. उन्हाळ्यात माझा मेकअप हनुवटीवरून गळायचा आणि दत्ताभाऊ म्हणायचे, “शालन, तुझं पानी आलं बग.” मालिकेत होतं तरी काय? एक सोसायटी. एक दिवसाआड पाणी. पाणी आलं की आधी मोटर कोण लावणार, कुणाच्या स्कूटरला कुणी स्कूटर चिकटवली, मीटिंगला चहा कुणाकडचा. अहो, टाकीचं झाकण हरवलं यावर आम्ही अख्खा एपिसोड केला! आणि तुम्ही पोट धरून हसलात. का हसलात? कारण तुमच्याही टाकीचं झाकण जाग्यावर नव्हतं.

दत्ताभाऊंची एक पद्धत होती. काल एपिसोड लागला की आज सकाळी ते कंपनीच्या बसथांब्यावर हजर. नोकरी कधीच सोडलेली, पण फर्स्ट शिफ्टचे जुने दोस्त चाकणच्या बससाठी उभे असायचे, त्यांच्यात जाऊन उभं राहायचं. ते दोस्त आज इथं आलेत. काय बोलायचात हो तुम्ही त्यांना! “दत्त्या, काल झोपेत काम केलं का?” “राव, ते लिफ्टचं लई ताणलं.” “बायको भारी करती, तू न्हाई.” दत्ताभाऊ मुकाट ऐकायचे आणि सेटवर येऊन शिव्यांसकट सगळं परागला ऐकवायचे. पुढचा भाग त्यावर सुधारायचा. चॅनेलकडं टीआरपी यायचा. आमच्याकडं बसथांब्याचा निकाल यायचा.

मग बिघडलं. नक्की कधी बिघडलं ते मला सांगता येत नाही, आणि भीती त्याचीच वाटते. चालता चालता कळत नाही. सोसायटीत भूत आलं. बरं, आलं. टीआरपी चढला. मग अण्णांचा जुळा भाऊ आला. मग अण्णांची स्मृती गेली. मग सगळी सोसायटी परदेशी सहलीला गेली, तो परदेश आम्ही लोणावळ्यात शूट केला. या भानगडीत नळाचं नावच राहिलं नाही. सेटवरचा नळ कुणीतरी काढून नेला तरी आमच्या लक्षात आलं नाही. संवादामागं मशीनचा हशा टाकायला लागले. मी एक वाक्य बोलले, साधं, “भाजी आणली का?” आणि त्यावर हशा आला. घरी टीव्हीवर बघताना माझ्या अंगावर काटा आला. मी असं काय बोलले होते?

एकदा वर्षाचे कांदे घ्यायला चाकणच्या बाजारात गेले. तिथल्या एका मावशींनी ओळखलं. म्हणाल्या, “तुमची सिरेल लागती की आमच्यात.” मी विचारलं, आवडते का? त्यांनी कांद्यातली माती झटकली आणि म्हणाल्या, “चालू असती.” एवढंच. रागानं नाही, कौतुकानं नाही. चालू असती. परत येताना रिक्षात मला रडू आलं.

हे मी दत्ताभाऊंना सांगितलं. मला वाटलं, हसण्यावारी नेतील. तसं नेलं नाही त्यांनी. मग म्हणाले, “सुमन, थांब्यावर आता कुणी शिव्या घालत न्हाई मला. सेल्फी काढत्यात. मी विचारतो, कालचं कसं झालं रं? तर म्हणत्यात, एक नंबर, भाऊ. आन् फोन वर धरत्यात. मला लई भ्या वाटतंय गं.” दोस्तांनो, तुम्हाला दोष देत नाही मी. तुम्ही प्रेमानंच काढलेत ते फोटो. पण त्या दिवसानंतर दत्ताभाऊ थांब्यावर जायचे बंद झाले.

मी म्हटलं, सोडू या का आपण दोघं? तर म्हणाले, “आपन सोडू गं. लाइटवाल्यांचं काय? मेकअपच्या पोरी हायत, जेवणवाला हाय. समदं युनिट आपल्या दोघांच्या भांडणावर जेवतंय.” युनिटमधले तुम्ही सगळे इथं बसलात. तुमच्यासाठी ते थांबले, हे तुम्हाला कळायला पाहिजे.

आणि मग ती गोष्ट आली. अण्णा मेल्याचं नाटक करतात, आपल्यासाठी सोसायटीत कोण कोण रडतं ते बघायला. शोकसभा भरते, शालनबाई रडत रडत अण्णांची उणीदुणी काढते आणि अण्णा दारात उभे! दत्ताभाऊ नको म्हणाले. परागला म्हणाले, “जित्या मानसाच्या फोटूला हार नगं.” परागलाही ती गोष्ट पटली नव्हती, मला माहीत आहे. पण वरून आलेलं होतं. शेवटी दत्ताभाऊ तयार झाले, एका अटीवर. रीत पाळायची.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. जिवंत नटाच्या फोटोला हार घातला, तर सीन संपल्यावर त्या नटानं फोटोशेजारी उभं राहायचं आणि कॅमेऱ्यात बघून खळखळून हसायचं. मग स्वतःच्या हातानं हार काढायचा आणि सगळ्यांनी पेढा खायचा. तो शॉट कुठं लावत नाहीत. तो गोष्टीसाठी नसतोच. तो त्या माणसासाठी असतो, त्याला काही होऊ नये म्हणून. दत्ताभाऊ उभे राहिले आणि हसले. काय हसले! कित्येक महिन्यांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. त्यांच्यामागं आम्हीही हसत सुटलो, ट्रॉलीवाले, स्पॉटदादा, सगळे. त्या दिवशी मशीनची गरज पडली नसती.

तो शॉट प्रोमोत लागला.

एडिटिंगला बसलेला माणूस नवा होता. त्याला रीत माहीत नव्हती, कुणी सांगितलीही नव्हती. त्यानं सगळं फुटेज बघितलं आणि त्याला वाटलं, सगळ्यात चांगलं हसू हेच आहे. खरंच, तेच होतं. हार घातलेला फोटो, शेजारी हसणारे अण्णा आणि खाली अक्षरं, ‘अण्णा गेले?’ दत्ताभाऊंचा मला फोन आला. आवाज बारीक झालेला. “सुमन, त्यांनी ते हसू दाखवलं. ते दाखवायचं नसतंय गं.” मी म्हटलं, असल्या गोष्टींनी काही होत नाही, दत्ताभाऊ. ते म्हणाले, “व्हय, काय होत न्हाई.” मला भीती वाटत होती आणि त्यांनाही वाटत होती. आम्ही दोघं एकमेकांची समजूत घालत होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी अंघोळ करून ते शूटिंगला निघायच्या तयारीत होते. छातीत कळ आली आणि खाली बसले. प्रशांत जिन्यात धावला, ओरडला, “बाबांना बघा, बाबा पडलेत!” शेजारचं दार उघडलं. आणि शेजारी हसले. म्हणाले, “आता घरी पण शूटिंग का?” मग त्यांनी प्रशांतचा चेहरा बघितला. ते तसेच अनवाणी धावले, त्यांनीच गाडी काढली, त्यांनीच दत्ताभाऊंना उचललं. त्यांचा काही दोष नाही, आणि डॉक्टर म्हणाले, तेवढ्यानं काही फरक पडला नसता. पण तेवढा वेळ ते हसले होते. ते आज इथं आलेत आणि माझ्याकडं बघत नाहीयेत. दादा, वर बघा. तुम्ही काही केलेलं नाही.

बातमी पसरली तेव्हा मोबाइलवर हसण्याची चित्रं आली. ‘अण्णा लवकर उठा.’ ‘एपिसोड कडक होणार.’ अंगणात माणसं आली ती आधी इकडंतिकडं कॅमेरा शोधत होती. दत्ताभाऊंना घरी आणून खाली ठेवलं आणि खालच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही चालू होता. त्यावर तो प्रोमो लागला. दत्ताभाऊंचं हसू जिन्यातून वर आलं. ते समोर निजलेले, आणि त्यांचं हसू जिन्यातून येतंय. वहिनींनी झटकन मान वर केली. तो चेहरा मी विसरू शकत नाही. एक क्षण त्यांना ते हसू खरं वाटलं.

मी शिकलेली बाई आहे. रीत मोडली म्हणून माणूस जात नाही, हे मला समजतं. मला त्याची भीती नाही. भीती याची वाटते, की ज्या माणसानं सगळ्या पिंपरी-चिंचवडला हसवलं तो माणूस गेला, आणि लोकांना कळेना, रडायचं की वाट बघायची. आपली मालिका इतकी खोटी होत गेली, की तिच्यातल्या खऱ्या माणसाचं मरणही कुणाला खरं वाटेना.

आता शेवटचं.

निर्माते सर दुसऱ्या रांगेत बसलेत. काल त्यांचा फोन आला. तो एपिसोड रविवारी लावायचाय. श्रद्धांजली म्हणून. खोटी शोकसभा, माझं ते विनोदी भाषण, आणि शेवटी आजच्या या सभेची काही दृश्यं जोडायची. म्हणून मागं तो कॅमेरा उभा आहे. तुम्हाला वाटलं असेल, घरच्यांनी आठवणीसाठी लावलाय. नाही. तुमचे रडलेले चेहरे घ्यायला लावलाय. मी इथं बोलत असताना सारखं मला वाटतंय, मी नीट बोलतेय का? कुठं थांबू? डोळे आत्ता पुसू का नंतर? बघा, काय झालंय माझं. स्वतःच्या भावाच्या शोकसभेत मी शॉट देतेय.

सर म्हणाले, एकच अडचण आहे. शूटिंगच्या दिवशी शेजारच्या शेडमध्ये पत्रा ठोकणारा पॉवर प्रेस चालू होता, त्यामुळं माझ्या भाषणाचा आवाज खराब आलाय. त्याचं डबिंग करावं लागेल. मला उद्या सकाळी स्टुडिओत बोलावलंय. ते सगळं भाषण पुन्हा म्हणायचं. ‘अहो, गेलात ते गेलात, मोटर बंद करून तरी जायचं.’ दत्ताभाऊ गेल्यावर, मी, हे म्हणायचं.

सर, मी उद्या येणार नाही. माझा आवाज मी देणार नाही. हे सगळ्यांसमोर सांगतेय कारण फोनवर सांगितलं असतं, तर तुम्ही मला समजावलं असतं आणि मी ऐकलं असतं. मी भित्री आहे. इतकी वर्षं ऐकतच आले. तुम्ही मला काढाल, माझ्यासारखा आवाज काढणारी दुसरी बाई आणाल, करारातलं कलम दाखवाल. दाखवा. मला सगळ्याचीच भीती वाटतेय. युनिटमधल्या माझ्या माणसांनो, तुम्ही माझ्यावर चिडाल, याची सगळ्यात जास्त वाटतेय. चिडा. पण तुमच्यातल्या एकाला तरी तो एपिसोड घरी बायकापोरांबरोबर बसून बघवेल का? हात वर करा.

नाही ना. मलाही नाही.

आता आपण उभं राहायचं आहे, दोन मिनिटं. पण त्याआधी, मागचे कॅमेरावाले दादा, तुमच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा मला इथून दिसतोय. तो बंद करा. तुमची नोकरी आहे, मला कळतं. सरांकडं बघा, त्यांनी मान हलवली की बंद करा. मी थांबते. घाई नाही. मंडळी, तुम्हीही बसून राहा. दिवा चालू असेपर्यंत कुणी उठू नका.

सर?

झाला बंद. दादा, तुमचे आभार. सर, तुमचेही. वहिनी, चला, माझा हात धरा. सगळे उभे राहा.

दत्ताभाऊ, कॅमेरा बंद झालाय. आता तुमच्याकडं कुणी बघत नाहीये. निवांत निजा.